नोंदवही आणि शिकणारे यंत्र

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी यांच्या संयुक्त प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘आरोग्य संशोधनात माहितीशास्त्र आणि यंत्र-अध्ययन यांचा उपयोग’ असा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. नाव जरा बोजड आहे. ते ऐकून हा विषय मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांचा आहे, ग्रामपंचायतीच्या कचेरीशी किंवा शाळेच्या हजेरीपटाशी त्याचा काही संबंध नाही, असे कोणास वाटल्यास नवल नाही. परंतु वस्तुस्थिती निराळी आहे. या शास्त्राचा कच्चा माल म्हणजे नोंद. आणि आरोग्याविषयीची नोंद प्रथम जन्माला येते ती उपकेंद्रात, अंगणवाडीत, शाळेत आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात. म्हणून हा विषय आधी आपला आहे, प्रयोगशाळेचा नंतर. एवढी एकच गोष्ट आज मला आपल्यापुढे मांडावयाची आहे.

यंत्र शिकते म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला ‘डेटा सायन्स’ म्हणतात ते माहितीचे शास्त्र होय. विखुरलेल्या नोंदी गोळा करणे, त्यांतील खऱ्या-खोट्याची पारख करणे, त्या एकमेकींशी जुळवून पाहणे आणि त्यांतून अर्थ काढणे, हे त्याचे काम. ‘मशीन लर्निंग’ म्हणजे यंत्राचे शिकणे हा त्याचाच एक भाग आहे.

नेहमीच्या संगणकाला आपण नियम सांगतो. पगारपत्रक तयार करताना मूळ वेतन, महागाई भत्त्याचा दर, कपाती या सर्वांचे नियम आपण देतो आणि संगणक हिशेब करतो. शिकणाऱ्या यंत्राला नियम सांगत नाहीत. त्याला उदाहरणे देतात, आणि पुष्कळदा प्रत्येक उदाहरणासोबत त्याचे उत्तरही देतात. यंत्र आधी आपल्या परीने अंदाज करते, तो दिलेल्या उत्तराशी ताडून पाहते, चूक किती झाली ते मोजते आणि पुढच्या खेपेस चूक कमी व्हावी अशा बेताने आपल्या आकडेमोडीत फरक करते. असे लक्षावधी वेळा झाले की ते न पाहिलेल्या उदाहरणाचेही उत्तर देऊ लागते.

शिक्षक बंधूंना ही पद्धत नवी नाही. सोडवलेली उदाहरणे दाखवून गणित शिकवण्याची आपली जुनीच रीत आहे. फरक एवढाच, की पुस्तकात उत्तर चुकीचे छापले असेल तर एखादा चौकस विद्यार्थी हात वर करतो. यंत्र हात वर करीत नाही. चुकीचे उत्तरही ते तितक्याच निष्ठेने पाठ करते, आणि पुढे हजारो रुग्णांच्या बाबतीत त्याचीच पुनरावृत्ती करते.

गडचिरोलीतील सात लक्षणे

नोंदींतून जीव वाचवणारा नियम कसा निघतो, याचे एक ठळक उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. त्यात शिकणारे यंत्र नव्हते; परंतु या शास्त्राचा गाभा त्यात पूर्णपणे दिसतो.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांमध्ये नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचा प्रयोग केला. गावातीलच थोडे शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी जावयाचे, बाळाला पाहावयाचे आणि जे दिसेल ते छापील तक्त्यात भरावयाचे, असा त्यांचा क्रम होता. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे २०११ साली केंद्र शासनाने आशा स्वयंसेविकांमार्फत नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचा कार्यक्रम देशभर हाती घेतला.

परंतु या कथेचा दुसरा भाग कमी लोकांना ठाऊक आहे. त्या तक्त्यांतील नोंदींचे पुन्हा विश्लेषण करून संशोधकांनी एक प्रश्न विचारला : बाळाच्या अंगात जंतुदोष भिनला आहे, हे डॉक्टर आणि प्रयोगशाळा यांच्यावाचून गावातच कसे ओळखावे? उत्तर निघाले ते असे. बाळाचे दूध ओढणे मंदावणे किंवा थांबणे, रडणे क्षीण होणे, हातपाय लुळे पडणे, उलट्या होणे किंवा पोट फुगणे, बाळ हाताला गार लागते असे आईने सांगणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे आणि नाळेच्या जागी पू होणे, या सात लक्षणांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली तर ते बाळ धोक्यात आहे असे समजावे. हा नियम २००५ साली प्रसिद्ध झाला.

यात आईचे शब्दही पुरावा ठरले आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ‘बाळ गार लागते’ हे वाक्य ऐकून कार्यकर्तीने ते सोडून दिले असते, तर पुढे कोणत्याही गणिताला ते सापडले नसते. नियम तज्ज्ञांनी काढला हे खरे. पण तो ज्या नोंदींतून निघाला त्या झोपडीत बसून, बाळाकडे पाहून भरलेल्या होत्या.

डोळ्याचा पडदा वाचणारे यंत्र

आता प्रत्यक्ष यंत्राकडे वळू. मधुमेह जुना झाला की डोळ्याच्या आतील पडद्यावरच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात. आरंभी रुग्णाला काहीच जाणवत नाही. दृष्टी अधू झाल्याचे कळते तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. पडद्याचे छायाचित्र वेळीच काढून तज्ज्ञाने पाहिले तर बहुतेकांचे अंधत्व टळू शकते. परंतु मधुमेही कोट्यवधी आणि नेत्रतज्ज्ञ मोजके, अशी आपली अवस्था आहे.

गुगल या कंपनीच्या संशोधकांनी अमेरिकेतील आणि भारतातील छायाचित्रे घेऊन एक यंत्रप्रणाली तयार केली. मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय आणि चेन्नईचे शंकर नेत्रालय या आपल्या नामांकित संस्था त्या कामात सहभागी होत्या. यंत्राला शिकवण्यासाठी १,२८,१७५ छायाचित्रे वापरली गेली. ५४ नेत्रवैद्यांनी ती तपासली, आणि एकेक छायाचित्र तीन ते सात वेळा तपासले गेले. असे का? कारण एकाच छायाचित्राविषयी दोन तज्ज्ञांचे मत नेहमीच जुळते असे नाही. यंत्राला द्यावयाचे उत्तर शक्य तितके निर्दोष असावे, यासाठी हे परिश्रम होते. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग सुटू नये अशा बेताने यंत्र लावले असता, तपासणीच्या दोन निरनिराळ्या संचांत त्याने अनुक्रमे ९७.५ व ९६.१ टक्के रोगी डोळे अचूक हेरले.

पुढे मदुराई आणि चेन्नई येथे प्रत्यक्ष उपचारासाठी आलेल्या ३,०४९ रुग्णांवर याची परीक्षा झाली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात यंत्राने एका ठिकाणी ८८.९ आणि दुसऱ्या ठिकाणी ९२.१ टक्के रोग ओळखला; तपासनीस माणसांचे प्रमाण ७३ ते ९० टक्क्यांच्या दरम्यान होते. म्हणजे यंत्र माणसाच्या तोडीचे किंवा किंचित सरस ठरले. मात्र पहिल्या परीक्षेतील गुण दुसऱ्या परीक्षेत थोडे उतरले, हेही आपण नजरेआड करू नये.

दवाखान्यातील अंधार-उजेड

हेच यंत्र थायलंडमधील पथुम थानी आणि चियांग माई या प्रांतांतील ११ आरोग्य केंद्रांत नेऊन त्याचा वापर कसा होतो, हे २०१८-१९ मध्ये अभ्यासण्यात आले. तेथे परिचारिका छायाचित्रे काढीत. बहुतेक केंद्रांत अंधारी खोली नव्हती. त्यामुळे पडद्याचे चित्र पुसट येई. पहिल्या सहा महिन्यांत यंत्राकडे गेलेल्या १,८३८ छायाचित्रांपैकी २१ टक्के छायाचित्रे यंत्राने वाचण्याचेच नाकारले. नियम असा होता, की छायाचित्र नाकारले गेले की रुग्णाला दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवावयाचे. ज्याच्या डोळ्याला काही झालेले नाही अशालाही मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी जावे लागल्यास त्याला काय वाटेल, हे आपल्याला सांगावयास नको. भरीस इंटरनेट मंद. रांगेतील लोक ताटकळत.

यंत्रात दोष नव्हता. परंतु उत्तम प्रकाशात काढलेल्या चित्रांवर जे शिकले, ते कोंदट खोलीतील चित्रापुढे अडखळले. नवे साधन गावात येण्यापूर्वी तेथे वीज, खोली, जोडणी आणि वेळ यांची काय सोय आहे, हे कोणी तरी विचारले पाहिजे. हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आणि जबाबदारी ग्रामपंचायत सदस्यांचीही आहे.

यंत्र काय शिकते, हे पाहणाऱ्याने पाहावे

आणखी दोन उदाहरणे थोडक्यात सांगतो. दोन्ही अमेरिकेतील आहेत. पण त्यांतील बोध सर्वत्र लागू पडणारा आहे.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन संस्थांमधील छातीची दीड लाखाहून अधिक क्ष-किरण चित्रे घेऊन यंत्राला न्यूमोनिया ओळखावयास शिकवण्यात आले. त्यांपैकी एका संस्थेतील चित्रांत न्यूमोनियाचे प्रमाण सुमारे ३४ टक्के होते, तर इतर दोन ठिकाणी एक टक्क्याच्या आसपास. यंत्राने एक पळवाट शोधली. चित्रावरील खुणांवरून ते कोणत्या रुग्णालयातील आहे, हे ते जवळजवळ अचूक ओळखू लागले. आणि त्या रुग्णालयाचे चित्र म्हणजे न्यूमोनियाची शक्यता अधिक, असा सोयीचा आडाखाही त्याला मिळाला. फुप्फुसापेक्षा पाटी वाचण्यासारखाच हा प्रकार. परक्या रुग्णालयातील चित्रांवर त्याची कामगिरी अनेकदा खालावली, यात आश्चर्य ते काय?

दुसरे उदाहरण २०१९ सालचे. कोणत्या रुग्णांना अधिक देखभालीची गरज आहे हे ठरवण्यासाठी तेथे एक संगणकप्रणाली वापरली जात होती. आजाराची तीव्रता थेट मोजणे कठीण, म्हणून ‘पुढे किती खर्च होईल’ हे उत्तर यंत्राला शिकवण्यात आले होते. परंतु कृष्णवर्णीय रुग्णांवर, ते तितकेच आजारी असूनही, कमी खर्च होत असे. यंत्राने त्यावरून ते कमी आजारी आहेत असा अर्थ घेतला. ही चूक दूर केली तर जादा मदतीस पात्र ठरणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे संशोधकांनी दाखवून दिले. वर्णाचा उल्लेखही यंत्राला दिलेला नव्हता. अन्याय समाजात होता, तो खर्चाच्या नोंदीत उतरला आणि नोंदीतून यंत्रात गेला. आपल्याकडे वाडी-पाड्यावरचा माणूस दवाखान्यात कमी जातो, त्याच्या नावावर खर्च कमी पडतो. तो अधिक निरोगी आहे म्हणून नव्हे, हे आपण जाणतो. यंत्र जाणत नाही.

जे लिहिलेच नाही ते

चुकीच्या नोंदीहूनही घातक असते ती न झालेली नोंद. सर्पदंशाचे उदाहरण या दृष्टीने डोळे उघडणारे आहे.

भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी योजनेच्या आधारे आपल्या देशात मृत्यूंच्या कारणांचा एक प्रचंड अभ्यास झाला. कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन, ज्यांच्या घरी मृत्यू झाला त्यांना ठराविक प्रश्न विचारून उत्तरे लिहून घेतली, आणि डॉक्टरांनी ती वाचून मृत्यूचे कारण ठरवले. त्यावरून २०११ साली असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की देशात वर्षाला सुमारे ४६,००० माणसे सर्पदंशाने दगावतात. रुग्णालयांकडून शासनास कळवल्या जाणाऱ्या आकड्याच्या हा आकडा तीस पटींहून अधिक होता. या मृत्यूंपैकी ९७ टक्के ग्रामीण भागातील होते, आणि सुमारे तीनचतुर्थांश माणसे रुग्णालयाबाहेर मरण पावली होती.

समजा, प्रतिविषाच्या कुप्या कोठे किती पाठवाव्यात हे ठरवण्यासाठी आपण एखादे यंत्र शिकवले, आणि त्याला केवळ रुग्णालयांतील नोंदी दिल्या. ज्या तालुक्यातील माणसे बांधावर, वाटेत किंवा मांत्रिकाच्या दारी मेली, तो तालुका यंत्राला सुरक्षित दिसेल. तेथे कुप्या कमी जातील. कुप्या नाहीत म्हणून लोक दवाखान्यात येणार नाहीत. लोक येत नाहीत म्हणून नोंदी आणखी कमी होतील. आणि हे सर्व ‘शास्त्रीय’ या शिक्क्यानिशी घडेल. एक कोरा रकाना एका माणसाचा मृत्यू झाकतो. यंत्राच्या हाती गेल्यावर तो पुढच्या माणसाच्या मृत्यूला कारणीभूत होऊ शकतो.

आपले दप्तर

म्हणून आता आपल्या घरचा विचार करू. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे. घटना घडल्यापासून २१ दिवसांत ती कळवावी, असा नियम आहे. तरीही २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ सुमारे २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. बाकीच्यांच्या बाबतीत मृत्यू झाला एवढे कळते. कशाने झाला हे खात्रीने सांगता येत नाही.

दुसरी अडचण गोळाबेरीज आकड्यांची. वय विचारले की पुष्कळजण तीस, पस्तीस, चाळीस असे सांगतात. जनगणनेच्या अभ्यासकांना हा जुनाच अनुभव आहे. रक्तदाब न मोजता रकान्यात १२०/८० लिहिला, वजनकाटा नादुरुस्त असताना मागील महिन्याच्या वजनात दोनशे ग्रॅम मिळवले, तर तक्ता भरलेला दिसतो आणि वरिष्ठांचा शेराही टळतो. परंतु हजारो ठिकाणी असे घडले, तर जिल्ह्यातील सर्व माणसांचा रक्तदाब उत्तम आहे आणि सर्व मुले एकाच गतीने वाढत आहेत, असेच यंत्र शिकेल. कुपोषित मूल त्या सरासरीत नाहीसे होईल.

तिसरी अडचण स्थलांतराची. मराठवाड्यातील ऊसतोड कामगार कुटुंबे वर्षातले कित्येक महिने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात असतात. गरोदर स्त्रीची पहिली तपासणी गावी, पुढची फडावर, प्रसूती तिसऱ्याच ठिकाणी. तीन वह्यांत तिची तीन अपुरी चरित्रे राहतात. ती एकत्र जोडणे हे माहितीशास्त्राचे काम खरे. पण नाव, वय आणि गाव तिन्ही ठिकाणी सारखे लिहिले असेल, तरच ते जुळणार.

येथे वरिष्ठ अधिकाऱ्यांनाही एक विनंती करावीशी वाटते. एकाच आरोग्य सेविकेने तीच माहिती चार वह्यांत आणि दोन संगणकप्रणालींत भरावी अशी अपेक्षा ठेवली, तर नोंद खरी राहणे कठीण आहे. तसेच खरा पण वाईट आकडा देणाऱ्या कर्मचाऱ्यास जाब विचारावयाचा आणि खोटा पण चांगला आकडा देणाऱ्यास शाबासकी द्यावयाची, ही रीत चालू राहिली तर कोणतेही शास्त्र आपल्या मदतीस येणार नाही.

नोंद कोणाच्या मालकीची?

नोंद जितकी खरी, तितकी ती नाजूक असते. क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार, वंध्यत्व यांची माहिती बाहेर फुटली तर गावात माणसाचे जिणे कठीण होते. रुग्णाने ती विश्वासाने सांगितलेली असते. तो विश्वास गेला की पुढच्या वेळी तो खोटे सांगेल, किंवा येणारच नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदा केला आहे. त्याच वर्षी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आरोग्यक्षेत्रात बुद्धिमान यंत्रांचा वापर कसा करावा, याविषयीची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रुग्णाची संमती, माहितीची गुप्तता आणि निर्णयाची अंतिम जबाबदारी माणसाकडेच असणे, हे त्यांतील महत्त्वाचे धागे आहेत. हे झाले कायद्याचे. गावपातळीवर त्याचा अर्थ इतकाच, की नोंदवही उघडी पडू देऊ नये, रुग्णांची यादी भिंतीवर लावू नये आणि तिचे छायाचित्र मोबाइलच्या गटावर टाकू नये.

उपसंहार

या शास्त्रापासून मोठ्या अपेक्षा बाळगणे गैर नाही. छातीचे क्ष-किरण चित्र वाचून क्षयाचा संशय दाखवणाऱ्या संगणकप्रणाली पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या चाचपणीसाठी वापरता येतील, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली केली. त्यासाठी ज्या प्रणालींची पारख झाली, त्यांत मुंबईतील एका कंपनीची प्रणालीही होती. जेथे क्ष-किरण यंत्र पोहोचते पण चित्र वाचणारा डॉक्टर पोहोचत नाही, अशा ठिकाणी याचे मोल किती, हे दुर्गम भागात काम करणाऱ्यांनी सांगावे.

परंतु प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेऊ. हे यंत्र कोणाच्या नोंदींवर शिकले आहे? त्या नोंदींत आमच्यासारखी माणसे होती काय? आणि ज्यांची नोंदच झाली नाही, ते कोण? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तज्ज्ञांनी द्यावीत. तिसऱ्याचे उत्तर आपल्यालाच ठाऊक असते : पाड्यावरची बाळंतीण, फडावरचे मूल, बांधावर साप चावलेला सालगडी. त्यांची नावे, त्यांची खरी वये, त्यांचे खरे आजार आणि मृत्यूची खरी कारणे आपण लिहिली, तर आरोग्य संशोधनातला आपला वाटा आपण उचलला असे होईल. त्यासाठी संगणक यावाच लागतो असे नाही. उद्या सकाळी उपकेंद्रात, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत जी वही उघडाल, तिच्यापासूनच आरंभ करता येईल.